देवनळाचा थांबा

छोट्याला एक खोड होती. कुठे काही वाढलेलं दिसलं की त्याच्या हातांना खाज सुटायची. कुणाशी चार शब्द बोलायला उभा राहिला, तरी याचं लक्ष त्या माणसाच्या कल्ल्यांकडे, कारण डावा उजव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. आरसे लख्ख, टॉवेल पांढरेशुभ्र, आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उतरायच्या आत खालचे केस झाडून गोळा. स्वतःचं डोकं पांढरं झालं, दुकानाची पाटी बदलून झाली, पण थोरल्या बहिणीच्या लेखी तो अजून छोट्याच. ती वरच्या मजल्यावरून हाक मारायची ती सगळी गल्ली ऐकायची, त्यामुळे गल्लीच्याही लेखी तो छोट्याच. आपणही तेच म्हणू.

ताई वर राहायची ती तिच्या नवऱ्यासोबत. म्हणजे छोट्याचे भावोजी. शहराच्या बसवर ड्रायव्हर होते, सगळी नोकरी एकाच मार्गावर काढलेली. मग काचबिंदूनं गाठलं. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं, आणि शेवटी उजेड आहे की अंधार आहे एवढंच कळायचं उरलं. मोठा चेष्टेखोर माणूस, पण तेव्हा जो खिडकीपाशी बसला तो बसलाच. ताई रडकुंडीला यायची. म्हणायची, "घरात माणूस आहे की पोतं आणून ठेवलंय, कळत नाही रे छोट्या."

आणि एके दिवशी सकाळी त्या पोत्यानं काठी उचलली, जिना उतरला आणि गल्ली संपते तिथून खाली नदीकाठच्या पायवाटेला लागला. परत आले ते शीळ घालत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच जायला लागले. ताईनं आधी आकांडतांडव केलं, मग अबोला धरला, आणि कशानंच जमेना तेव्हा अट घातली. "एकदा जरी पडलात ना, एकदा जरी ओले होऊन घरी आलात ना, तर काठी माळ्यावर जाईल. मग माझ्या पाया पडलात तरी खाली काढायची नाही."

भावोजींनी सलाम ठोकला. "मंजूर, साहेब."

पण ताईचा जीव काही थाऱ्यावर येईना. तिनं छोट्याला पिटाळलं. सुट्टीच्या दिवशी एकदा बरोबर जा, वाट कशी आहे ती नीट बघ आणि मला खरं काय ते सांग, म्हणाली. छोट्या गेला. मनातून चरफडत गेला, कारण आठवड्यातून तेवढा एकच दिवस त्याला झोपायला मिळायचा.

"चला मेहुणे," भावोजी वाटेला लागताना म्हणाले, "आज तुम्हाला आमच्या मार्गावरून फिरवून आणतो. तिकीट माफ."

मेहुण्याला ते थट्टेनं अहो-जाहो करायचे, पहिल्यापासूनच.

खरंच त्यांनी तिथे बसचा मार्ग आखला होता. काठी टेकत चालायचे आणि मध्येच थांबून कंडक्टरसारखी आरोळी ठोकायचे. पहिला थांबा, "वाळुंज!" तिथे वाळुंजाच्या झाडाची फांदी इतकी खाली आलेली होती की टोपीवर पानं घासायची. त्याच झाडाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं होतं म्हणे. भावोजींनी खोडाला कान लावला आणि समाधानानं मान हलवली. दुसरा थांबा, "बेडूकवाडी!" तिथे एक ओहोळ नदीला मिळायचा, आणि काठी आपटली की आत उड्या मारल्याचे डुबुक-डुबुक आवाज यायचे. तिसरा, "पुदिना!" रानपुदिन्याचं दाट बेट होतं ते, वाटेवर आलेलं. बूट त्याच्यावर पडला की वास नाकात चढायचा.

"इथून पुढे वास विरत जातो," भावोजी म्हणाले. "वास पुरता गेला की कान टवकारायचे. आला, ऐका. देवनळ!"

समोर काठावर देवनळ उभा होता, बांबूसारख्या दांड्यांचं गवत, माणसाच्या डोक्यावरून जाणारं. वारा म्हणावा असा नव्हताच, तरी पात्यांची कुजबुज चालली होती.

"हा कधी गप्प बसत नाही. तुमच्या ताईसारखा," भावोजी हसले. "इथे वाट डावीकडे वळते. सरळ गेलो तर नदी. म्हणून हा आमचा मोठा थांबा. आणि हळू बोला बरं का, आत पाणकोंबडी बसलीय अंड्यांवर. कपाळावर लाल असतं म्हणतात तिच्या. मी पाहिलेली नाही. इतकी वर्षं रोज पुलावरून बस नेली, मेहुणे, धडधाकट डोळे होते, पण खाली म्हणून कधी बघितलं नाही. सगळं लक्ष पुढच्या सिग्नलकडे. आता बघा, डोळे गेले आणि नदी सापडली."

एवढं सगळं तो माणूस पोटातून सांगत होता, आणि छोट्या काय करत होता? बुटाला लागलेला चिखल गवताला पुसत होता. "हो का, हो का," करत होता. त्याला दिसत होतं ते एवढंच, की वाट अस्ताव्यस्त वाढली आहे. इकडून फांदी आलेली, तिकडून झुडूप, आणि समोर हे गवताचं रान, ज्याच्यामुळे पलीकडचं पाणीसुद्धा दिसत नाही. दाढी वाढलेल्या माणसासमोर उभं राहावं तसं त्याला झालं. हात शिवशिवायला लागले.

घरी आल्यावर तो ताईला म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी बघतो काय करायचं ते."

आणि पुढच्या सुट्टीला पहाटेच, कुणाला न सांगता, शेजारच्याकडून कुंपण छाटायची मोठी कात्री मागून आणून तो नदीवर गेला. भावोजी त्या दिवशी ताईबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होते, म्हणजे मैदान मोकळं. दुपारपर्यंत खपला बिचारा. वाळुंजाची फांदी वर छाटली, टोपीला लागू नये म्हणून. पुदिना मुळापाशी कापला, पाय घसरू नये म्हणून. देवनळ तर त्यानं असा काढला की बघत राहावं. गुडघ्याएवढा, एका रेषेत, एक दांडी वर नाही की एक खाली नाही. मध्ये एकदा काळं काहीतरी फडफडत पाण्यात गेलं, तेव्हा दचकला, घूस असेल म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. कापलेला सगळा पुदिना उचलून आणून त्यानं वळणाच्या कोपऱ्यात ढीग रचला, वाटेत पसारा नको. मग मागे सरकून डोळे बारीक करून सगळ्याकडे पाहिलं, आरशात गिऱ्हाइकाची मान बघतो तसं. जीव गार झाला त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भावोजींना गल्लीतून जाताना पाहिलं आणि मिशीत हसला. आता परत येतील, म्हणतील, मेहुणे, वाट कशी रस्त्यासारखी झाली! मग आपण सांगू. ताई चहा घेऊन खाली येईल. एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला तेल चोळता चोळता तो हे सगळं मनात रंगवत होता.

भावोजी परत आले ते गळ टाकून बसणाऱ्या एका माणसाच्या खांद्यावर हात टाकून. छातीपर्यंत चिखल. टोपी गेलेली. भुवईवर खोक पडून रक्त गालावर ओघळलेलं. तो माणूस म्हणाला, "सरळ चालत पाण्यात आले हो. मी ओरडलो, तोवर आत."

ताई धावत खाली आली. भावोजी सारखं एकच बोलत होते. "पुदिन्याचा वास येत होता गं. पुदिना संपलाच नव्हता. म्हणून मी सरळ चाललो. देवनळ बोललाच नाही. आला कसा नाही देवनळ? माझं नाक फिरलं की काय? कानही गेले वाटतं माझे."

छोट्याच्या हातात वस्तरा होता. तो त्यानं खाली ठेवला. एका क्षणात त्याला सगळं कळलं. पुदिन्याचा ढीग आपण कुठे नेऊन टाकला ते कळलं, आणि देवनळ का बोलला नाही तेही.

"तिथलं सगळं कुणीतरी कापून टाकलंय," गळवाला म्हणाला. "परवापर्यंत रान होतं."

"कुणी कापलं?" ताईनं विचारलं.

तिनं छोट्याकडे बघून विचारलं नव्हतं. सगळ्यांनाच विचारलं होतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "पालिकेची माणसं असतील." आणि खोटं एकदा निघालं की त्याला हातपाय फुटतात. तो पुढे म्हणाला, "मी पाहिली होती त्यांची गाडी."

काठी त्याच दिवशी माळ्यावर गेली.

रात्रीच्या जेवणाला ताईनं त्याला वर बोलावलं. भावोजी कपाळाला पट्टी लावून भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताई वाढत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "आंधळ्या माणसाची वाट कापली मेल्यांनी! ज्यानं कापलं ना, त्याचे हात झडोत! कोपरापासून झडोत!" छोट्याचा घास हातातच राहिला. त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत पुदिन्याचा हिरवा डाग अजून होता, साबणानं गेला नव्हता. ताईला संशय येऊ नये म्हणून त्यानं आणखी वाढून घेतलं, आणि ते गिळता गिळता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला वाटलं, नवऱ्यासाठीच रडतोय भाऊ. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर भावोजी पुन्हा खिडकीशी बसले. यावेळचं बसणं मागच्यापेक्षा वाईट होतं. मागच्या वेळी डोळेच गेले होते. आता त्यांना वाटत होतं, आपलं काहीच आपलं राहिलं नाही. चहात साखर आहे की नाही हेसुद्धा ताईला विचारायचे. छोट्याला जिन्यावर त्यांचा आवाज आला की तो दुकानात उगाच नळ सोडायचा. सांगून टाकू, उद्या सांगू, गिऱ्हाईक गेलं की सांगू. लाज वाटायची, आणि जितका उशीर होई तितकी ती वाढायचीच. ती कापायला कुठली कात्री आणणार?

मग एक दिवस भावोजींनीच निरोप पाठवला. मेहुण्यांना म्हणावं, मला एकदा वळणापर्यंत न्या. हात धरून न्या, म्हणजे तुमच्या ताईची हरकत नाही.

छोट्यानं हात धरून नेलं. भावोजींनी एकही थांबा पुकारला नाही. वाळुंजाखाली त्यांनी हात वर केला. पानं लागली नाहीत. पुदिन्याशी खोल श्वास घेतला आणि सोडून दिला. वळणावर आल्यावर ते खाली बसले. काठी नव्हती, म्हणून हातानंच चाचपत राहिले. आधी त्यांना तो ढीग लागला. वाळलेली मूठभर पानं उचलून त्यांनी नाकाशी धरली, चुरगाळली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग देवनळाच्या खुंटांवरून तळवा फिरवला. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे, अगदी सावकाश.

"पाणकोंबडी दिसतेय का हो?" त्यांनी विचारलं.

छोट्यानं पाहिलं. खुंटांच्या मध्ये वाळक्या पात्यांचं एक घरटं कलंडून पडलं होतं. आत पाणी शिरलेलं. एका कवचाचा तुकडा काठाला चिकटला होता आणि पलीकडे एक कावळा बसला होता. त्याला इतकं लाजिरवाणं वाटलं की त्यानं आणखी लाजिरवाणी गोष्ट केली.

"आहे की," तो म्हणाला. "ती बघा, तिकडे पोहतेय. मागे पिल्लंपण आहेत."

"पिल्लं?" भावोजी म्हणाले. "एवढ्यात?"

पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"बरं," भावोजी उठत म्हणाले. "चला."

चहात साखर कमी आहे, असं त्या संध्याकाळी त्यांनी ताईला स्वतःहून सांगितलं. ताईनं ते कौतुकानं छोट्याला येऊन सांगितलं, आणि छोट्यानं पुन्हा नळ सोडला.

नंतरच्या सुट्टीला भावोजी भिंत धरत धरत जिना उतरून सलूनमध्ये आले. शटर अर्धं खाली होतं, दुसरं कुणी नव्हतं. "दाढी करून दे," म्हणाले आणि खुर्चीत बसले. 'करून द्या, मेहुणे' नाही, 'करून दे' म्हणाले. छोट्यानं ते ऐकलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, ब्रश भिजवला, साबण लावला. एका गालावरून वस्तरा फिरवून झाला, तेव्हा भावोजी शांतपणे बोलले.

"पालिकेची माणसं कोयता चालवतात. तिरकी कापतात, फाडतात, एक वर एक खाली. ते खुंट सपाट होते. कंगवा धरून कापल्यासारखे. लग्न झाल्यापासून माझी मान तुझ्या हाताखाली आहे रे. तुझ्या हातचं मला कळणार नाही?"

छोट्याला आरशात स्वतःचं तोंड दिसत होतं. त्यानं नजर खाली घातली.

"म्हटलं, वाट साफ होईल," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्यासाठीच केलं."

"ते मला माहीत आहे. मी पडलो त्याचं काही नाही. मला इतके दिवस वाटत होतं की माझं नाक गेलं, कान गेले, आता नुसता उरलोय. ते तू मला वाटू दिलंस."

"ताईला सांगितलंत?"

"नाही. सांगणारही नाही." भावोजींनी टॉवेलखालून हात काढून हवेतच त्याचा दंड शोधला. "तिला माहेरचं म्हणून तू एकटाच आहेस. मला नदी नसली तर चालेल. तिला भाऊ नसला तर चालायचं नाही. कर पुढची दाढी."

छोट्यानं वस्तरा पुसला, मिटला आणि कप्प्यात ठेवला. एका गालावर साबण तसाच सोडून तो शटरखालून वाकून बाहेर पडला आणि जिना चढला. हे धैर्य नव्हतं, बरं का. त्या खुर्चीमागे उभं राहणं त्याला आता जमणारच नव्हतं, एवढंच.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारातूनच बोलला. एका दमात बोलला, कात्रीपासून कावळ्यापर्यंत सगळं. पालिकेची गाडी पाहिली नव्हती, तेही. पिल्लंही नव्हती.

त्याला वाटलं होतं, ताई अंगावर येईल. आली असती तर फार बरं झालं असतं. ती घडी घालायची थांबली आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"मी हात झडोत म्हटलं," ती म्हणाली. "तू समोर बसून जेवत होतास."

"हो."

"आणि तू आणखी वाढून घेतलंस, छोट्या."

ताई उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून काठी काढली. पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. "मी नाही देणार. तू नेऊन दे," म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा घड्या घालायला लागली. ती रडत होती, ते त्याला पाठीवरून कळलं.

खाली भावोजींच्या गालावरचा साबण वाळून पापुद्रा झाला होता. छोट्यानं काठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"पण वळण कळणार कसं?" ते म्हणाले. "देवनळ वाढेपर्यंत?"

"मी उभा राहीन," छोट्या म्हणाला.

आणि तो उभा राहायला लागला. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, घोट्यापर्यंत चिखलात, वळणावर, हातात केस कापायची कात्री. ती हवेतच वाजवत राहायचा, चक चक, चक चक. फिरायला येणारी माणसं थबकायची. "काय शेठ, वाऱ्याचे केस कापताय का?" गळवाला तर रोज नवा विनोद काढायचा. छोट्या मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा, पण कात्री थांबवायचा नाही. ताई त्याच्याशी बोलायला लागली होती, कामापुरतं. छोट्या म्हणून हाक मात्र तिनं अजून मारली नव्हती.

पुदिना पुन्हा फुटला, आणि देवनळाच्या खुंटांमधून कोवळे हिरवे कोंब वर आले. एक बोटभर, एक वीतभर, कुणी इकडे झुकलेला, कुणी तिकडे. छोट्या त्यांच्याकडे रोज बघायचा. हातांना खाज सुटायची नाही.

लांबून भावोजींची आरोळी यायची. वाळुंज. बेडूकवाडी. पुदिना. मग कात्रीचा आवाज कानावर पडला की, "कात्री! उतरणारे पुढे या!" जवळ येऊन ते थांबायचे आणि आवाज खाली आणून रोज तेवढं एकच विचारायचे.

"पाणकोंबडी?"

हो म्हणावंसं छोट्याला रोज वाटायचं. जिभेवर यायचं. तो रिकाम्या पाण्याकडे नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बघून घ्यायचा.

"नाही, भावोजी."

"बरं," भावोजी म्हणायचे आणि काठी डावीकडे वळवायचे. ते लांब जाईपर्यंत छोट्या तिथेच उभा राहून कात्री वाजवत राहायचा.